रेशनकार्डावरून कमी केलेलं नाव

"एवढ्याशा पोराला कशाला सांगायचं? मोठा झाला की सांगू." मुलांच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांच्या तोंडून हे वाक्य मी सतत ऐकते. दत्तक घेतलेलं मूल, बाबांचं पहिलं लग्न, मनोरुग्णालयात असलेला काका, जातीबाहेर लग्न केलेली आत्या, असे विषय निरनिराळे असतात. काळजी मात्र एकच, की कळलं तर मूल बिथरेल. त्यावर मी एका मुलाची हकीकत सांगते. ओळखू येतील अशा खुणा बदलल्या आहेत आणि त्या घराची परवानगीही घेतली आहे.

घर कोल्हापूरचं, मुलगा आठवीतला. तक्रार अशी की कपाटं उचकतो, माळ्यावर चढतो, विचारलं तर धडधडीत खोटं बोलतो. चोऱ्या करायला लागला म्हणून वडिलांनी हातही उगारला होता, पण घरातला एक रुपया हललेला नव्हता. निघता निघता आई म्हणाली, "आणि चित्रं काढायचं पण सोडलं बघा. सरांनी एलिमेंटरीचा फॉर्म दिला, तर फाडून टाकला." मला कपाटांपेक्षा हा चित्रकलेच्या परीक्षेचा फॉर्म महत्त्वाचा वाटला. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर या चित्रकारांच्या गावात हात चांगला असलेल्या पोराला सहसा कोणी अडवत नाही. मग हा स्वतःच का थांबला?

तो माझ्याशी बोलेना. डोनाल्ड विनिकॉट नावाचे इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ मुलांबरोबर एक खेळ खेळायचे. आपण डोळे मिटून कागदावर एक रेघ मारायची, मुलानं तिचं काहीतरी करायचं. मग त्याची रेघ, आपलं चित्र. न बोलणाऱ्या मुलाशी बोलायला याहून चांगली वाट मला ठाऊक नाही. माझ्या एका वेड्यावाकड्या रेघेची त्यानं पायरी केली, पायरीचा घाट झाला, मागं पंचगंगा आली. मग त्या सगळ्याभोवती त्यानं चौकट आखली. घाट, पाणी, देवळांचे कळस, सगळं बारकाईनं भरलं आणि उजव्या हाताचा खालचा कोपरा तेवढा कोरा ठेवला.

"इथं काय असतं?" मी विचारलं.

"सही," तो म्हणाला. "पण ती दिसू देत नाहीत."

असंच एक जलरंगातलं चित्र त्यांच्या सोप्यात टांगलेलं होतं. आजोबांनी प्रदर्शनातून आणलं, असं त्याला सांगितलेलं. पण भोवतीचा पुठ्ठा खालच्या बाजूला वाजवीपेक्षा रुंद आहे, हे या पोराच्या नजरेतून सुटलं नाही. घरचे लग्नाला गेले होते तेव्हा त्यानं चित्र उतरवलं, मागचे खिळे कर्कटकानं उचकटले आणि पुठ्ठा सरकवला. खाली सही होती. एक अनोळखी नाव, पुढं त्यांचंच आडनाव, आणि सन १९९८. तेव्हापासून तो ती बाई शोधत होता. माळ्यावरच्या पेटीत जुनं रेशनकार्ड सापडलं. त्यावर तेच नाव होतं, निळ्या शाईची आडवी रेघ मारलेलं.

नंतरच्या भेटीत त्यानं खाली मान घालून विचारलं, "मॅडम, घरातनं एखाद्याचं नाव कमी करायला काय कारण लागतं?"

"तुला काय वाटतं?"

बराच वेळ तो पेन्सिलीला टोक काढत बसला. मग म्हणाला, "तिचा पण हात चांगला होता. मी चित्र काढायला बसलो की आजी उठून आत जाते."

मुलीचं लग्न झालं की रेशनकार्डावरून नाव कमी करतात, ही साधी गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. त्यानं आपल्या परीनं हिशोब मांडला होता, की या घरात जो चित्रं काढतो त्याला काढून टाकतात. म्हणून फॉर्म फाडला. मुलाला कोडं घालून त्याचं उत्तर दडवलं की ते उत्तराच्या जागी स्वतःला ठेवतं. माझ्या कामातला हा माझा पक्का विश्वास आहे. मी कुटुंबाकडे एकसंध गोष्ट म्हणून बघते; लपवणारा एक असतो, पण लपवण्याचं ओझं घरातलं सगळ्यात हळवं माणूस उचलतं.

आणि ते पिढ्यान्‌पिढ्या झिरपतं. टिनटिनच्या गोष्टी आपल्याकडच्या मुलांनीही वाचल्यात. सर्ज तिसरों या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञांनी १९८५ मध्ये केवळ त्या चित्रकथा बारकाईनं वाचून लिहिलं, की चित्रकार एर्जे यांच्या घराण्यात एखाद्या पुरुषाच्या जन्माचं गुपित असावं. पुढं शोध घेणाऱ्यांना ते खरंच सापडलं. एर्जेंचे वडील आणि त्यांचा जुळा भाऊ अविवाहित आईच्या पोटी जन्मले होते आणि त्यांचा बाप कोण, हे शेवटपर्यंत उघड झालं नाही. चित्रकथेतले ते एकसारखे दिसणारे दोन गुप्तहेर आठवून बघा.

कोल्हापूरच्या घरी मी सगळ्यांना एकत्र बसवलं. वडील म्हणाले, "मोठा झाला की सांगणारच होतो." सहीतली ती बाई म्हणजे त्यांची ताई. ती घर सोडून गेली तेव्हा त्यांचं वय काय होतं, एवढंच मी विचारलं. ते थांबले. "तेरा." आणि मग चाळिशीचा तो माणूस मुलासमोर ओक्साबोक्शी रडला. ताईचं नाव घरात काढायचं नाही, असं त्यांना बजावलेलं होतं, का ते कोणीच सांगितलं नव्हतं. ताईनं दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं, हे त्यांना गल्लीतून कळलं.

पण त्या दिवशी खरी गाठ सोडवली आजींनी. मला वाटलं होतं, सही झाकली ती रागानं. पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, "ह्यांनी सगळी चित्रं बाहेर काढायला लावली. हे एक मी ठेवलं. सही दिसली असती तर हे पण गेलं असतं." तो पुठ्ठा त्यांनी स्वतः कापला होता. नातू उठला, आजीजवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "म्हणजे तू लपवून ठेवलंस, टाकलं नाहीस."

आता तुमच्यासाठी. सांगायच्या आधी मुलाला काय काय माहीत आहे ते विचारा. निम्मं त्यानं शोधलेलंच असतं. सांगणारं माणूस बाहेरचं नको, घरातलंच हवं. दोन-चार वाक्यांत, खरं तेवढंच सांगा. सगळे तपशील लगेच द्यायची गरज नसते. पाच वर्षांच्या मुलाला "बाबांना एक ताई आहे, ती मुंबईला असते, आजोबा तिच्यावर रागावले होते" एवढं पुरतं. तेराव्या वर्षी जातीचा विषय टाळून चालणार नाही. यात तुझा काही दोष नाही, हे मात्र मोठ्यानं म्हणा, कारण मूल तेच तपासत असतं. गोष्ट दुसऱ्या जिवंत माणसाची असेल तर आधी त्याला विचारा. इथं वडिलांनी आत्याला फोन केला तो त्यासाठीच. आणि "हे बाहेर कुठं बोलू नकोस" अशी शपथ घालू नका, नाहीतर नवा पुठ्ठा तुम्हीच लावला. एकदा सांगितलं की विषय संपत नाही. मूल महिन्यानं, वर्षानं पुन्हा विचारतं, अधिक अवघड विचारतं, आणि तसं विचारलं तर ते चांगलं लक्षण समजा.

त्या मुलानं एलिमेंटरीचा फॉर्म पुन्हा भरला. आजी लेकीशी फोनवर बोलतात, जावयाशी अजून नाही. मध्यंतरी वडिलांचा घाबरा फोन आला, "मॅडम, तो विचारतोय, आजोबा गेले तेव्हा आत्याला का नाही कळवलं? काय सांगू?"

"का नव्हतं कळवलं?"

"लोक काय म्हणतील म्हणून."

"मग तेच सांगा," मी म्हटलं. त्यांनी त्या रात्री सांगितलं.