शब्दशंका : ‘इनव्हॅल्युएबल’ उलटा का नाही?

प्रश्न : ‘इनकरेक्ट’ म्हणजे चूक, ‘इनॲक्टिव्ह’ म्हणजे निष्क्रिय. मग ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे ‘अत्यंत मोलाचा’ कसा? त्याऐवजी ‘प्राइसलेस’ चालेल का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : ‘इन’ इथेही नकारार्थीच आहे. घोटाळा ‘व्हॅल्युएबल’मुळे होतो. ‘व्हॅल्यू’ हे क्रियापदही आहे : मोल ठरवणे. त्याला ‘एबल’ लागला की अर्थ होतो ‘मोल ठरवता येण्याजोगा’, जसा ‘रीडेबल’ म्हणजे वाचता येण्याजोगा. ‘मौल्यवान’ हा अर्थ ‘व्हॅल्युएबल’ला पक्का चिकटला आणि मूळ अर्थ विसरला गेला, ‘इनव्हॅल्युएबल’मध्ये मात्र तो शाबूत आहे : ज्याचे मोल ठरवताच येत नाही असा. आपल्या ‘अमूल्य’, ‘अनमोल’ या शब्दांची घडणही अशीच, त्यामुळे मराठी मुलांना हे एका वाक्यात समजावता येते.

मूळ लॅटिन ‘व्हॅलेरे’, म्हणजे बळकट असणे, मोलाचे असणे. व्हॅलिड, इक्विव्हॅलंट, रसायनशास्त्रातली व्हॅलन्सी हे सगळे त्याच कुळातले. ‘इनव्हॅल्युएबल’ इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. सतराव्या शतकात तो ‘कवडीमोल’ या अर्थानेही वापरला गेला, पण तो वापर टिकला नाही. तेव्हा अशा शब्दांचे अर्थ डळमळीतच होते. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये समुद्रतळाशी पडलेली रत्ने ‘अनव्हॅल्यूड’ आहेत, म्हणजे अनमोल. ‘हॅम्लेट’मध्ये त्याच शब्दाचा अर्थ ‘सामान्य, बिनमहत्त्वाची माणसे’. ‘कवडीमोल’साठी आज ‘वर्थलेस’ किंवा ‘व्हॅल्यूलेस’ वापरतात. आभारपत्रात ‘व्हॅल्यूलेस गाइडन्स’ लिहिले तर सरळ अपमान होईल.

आता वापर. ज्यातून मदत होते, उपयोग होतो, त्याला ‘इनव्हॅल्युएबल’ : हेल्प, ॲडव्हाइस, एक्सपीरियन्स, सपोर्ट. चित्र, पुराणवस्तू, रत्नहार अशा बाजारभावापलीकडच्या वस्तूंना ‘प्राइसलेस’. बोलीत ‘प्राइसलेस’चा ‘भलताच गमतीदार’ असाही अर्थ होतो, म्हणून ‘युवर ॲडव्हाइस वॉज प्राइसलेस’ हे थट्टेच्या सुरातही ऐकू येऊ शकते. औपचारिक पत्रात ‘इनव्हॅल्युएबल’च बरा.

‘व्हेरी इनव्हॅल्युएबल’ टाळा : जे मोजताच येत नाही त्याला ‘खूप’ कसे लावणार? ‘ट्रूली’ किंवा ‘ॲब्सोल्यूटली’ चालते. आधी ‘अ’ नव्हे, ‘ॲन’ येतो. स्पेलिंगमध्ये ‘व्हॅल्यू’चा शेवटचा ‘ई’ गळतो. मुले हमखास तो ठेवतात. उच्चारात जोर ‘व्हॅल’वर द्यावा. ‘व्हॅल्यूड’ मात्र वेगळा : ज्याची कोणीतरी कदर करते तो. बँकेच्या पत्रातला ‘व्हॅल्यूड कस्टमर’ म्हणूनच बरोबर आहे.

प्रश्न : पेट्रोलच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ असते. तिथेही हेच गणित का?
– एक वाचक, मनमाड

उत्तर : नाही. तो ‘इन’ नकाराचा नाहीच. लॅटिन ‘इनफ्लामारे’ म्हणजे पेटवणे, त्यातला ‘इन’ म्हणजे ‘आत’. म्हणून ‘इनफ्लेमेबल’ आणि ‘फ्लेमेबल’ दोन्हींचा अर्थ ‘चटकन पेट घेणारा’. न पेटणारा तो ‘नॉन-फ्लेमेबल’. ‘इन’ पाहून कोणी धोका नाही असे समजू नये, यासाठी सूचनाफलकावर ‘फ्लेमेबल’च लिहावे आणि शेजारी मराठीत ‘ज्वालाग्राही’.