डाव्या हाताचे सहा आठवडे

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

मनगटाला प्लास्टर पडलंय, सहा आठवडे मैदान बंद, हे काल फोनवर सांगताना तुझा गळा दाटून आला होता. तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून लिहितोय. अमेरिकेचा जुना बास्केटबॉलपटू बॉब कूझी, त्याच्याबद्दल तुला सांगायचं कधीचं राहून गेलंय.

न्यूयॉर्कमधल्या फ्रेंच स्थलांतरितांच्या गरीब घरातला हा मुलगा. शाळेच्या संघात त्याला घेतलंच नव्हतं. साधारण तेराव्या वर्षी झाडावरून पडला, उजवा हात मोडला. मग डाव्या हाताने खेळत राहिला. पुढे प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर पडली ती त्यामुळेच: पोरगा दोन्ही हातांनी चेंडू खेळवतो!

१९५० मध्ये बॉस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाचा प्रशिक्षक रेड आउरबाक याला तो नकोच होता. ज्या संघाकडे कूझी होता तो बंद पडला, तीन खेळाडूंच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि बॉस्टनच्या वाट्याला त्याचं नाव आलं. पाठीमागून ड्रिबल म्हणजे टप्पे देत चेंडू नेणं, न बघता दिलेला पास हे तेव्हा कुणाला पचत नव्हतं. सुरुवातीला त्याचे पास बेसावध सोबत्यांच्या हातांवर आपटून उडायचे. पास कितीही सुंदर असो, सोबत्याला झेलता आला नाही तर चेंडू गेलाच की. कुणाला चेंडू कुठे लागतो, हे त्याला शिकावं लागलं. १९५३ ते १९६० असे सलग आठ हंगाम असिस्टमध्ये, म्हणजे सोबत्याला गुण मिळवून देणाऱ्या पासमध्ये, तो एनबीए या अमेरिकी लीगमध्ये पहिला होता. सहा विजेतेपदं मिळाली. १९५३ च्या सिरॅक्यूसविरुद्धच्या सामन्यात बरोबरीमुळे चार ओव्हरटाइम, म्हणजे वाढीव डाव, झाले; त्याच्या पन्नासपैकी तीस गुण फ्री थ्रोचे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकींचे होते. फ्री थ्रोचा कंटाळा करतेस ना, म्हणून मुद्दाम सांगितलं.

पण मला तो आवडतो तो मैदानाबाहेरही. १९५४ मध्ये त्याने खेळाडूंची संघटना उभी केली. स्वतः तारा असताना, ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं त्यांच्यासाठी. अमेरिकेतल्या रॅले शहरातल्या हॉटेलने चक कूपर या कृष्णवर्णीय सोबत्याला खोली नाकारली, तेव्हा कूझी त्याच्याबरोबर रात्रीच्या गाडीने निघाला.

आणि तरीही एक सल राहिली. बिल रसेल हाही कृष्णवर्णीय सोबती, त्याच्या शेजारी वर्षानुवर्षं खेळला. रसेलच्या घरात शिरून लोकांनी नासधूस केली, भिंतींवर घाण लिहिलं. त्या माणसासाठी आपण पुरेसं काही केलं नाही, हे कूझीने त्याला पत्राने कळवलं ते २०१६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी. मैदानावर ज्याला पाठीमागचंही दिसायचं, त्याला हे उशिरा दिसलं. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प होतो.

तुझं सांगू? चेंडू हातात आला की तुझी मान खाली जाते. कोपऱ्यातली ती नवीन मुलगी अख्खा सामना हात वर करून उभी होती. दिसली होती का तुला?

रविवारी सकाळी सातला ये. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेलाच असू दे. डॉक्टरांना विचार; नाही म्हणाले तर बाकावर बसून मुलींचा खेळ बघ. हो म्हणाले तर जागेवर उभं राहून डाव्या हाताने ड्रिबल कर. मी बास्केटखाली उभा राहून बोटं वर करेन. चेंडूकडे न बघता किती बोटं आहेत ते मोठ्याने सांगायचं.

तुझे,
सर