वाइन लिस्ट तुझ्या हातात दिली तर

अगं,

काल रात्री तुझा मेसेज वाचला. पुढच्या शुक्रवारी दिल्लीच्या क्लायंटना घेऊन लोअर परळला जेवायला जायचंय, बिल कंपनीचं पण होस्ट तू, आणि "काका, वाइन लिस्ट माझ्याच हातात दिली तर?" फोनवर सांगितलं असतं पण घाईत अर्धं राहतं, म्हणून बसून लिहितोय.

मी मुंबईत वीस वर्षं हॉटेलच्या धंद्यात काढली, आधी वेटर, मग कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारा आणि वेटरांवर लक्ष ठेवणारा. लिस्ट उघडल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो ते रोज बघितलंय. चांगली शिकलेली, मोठ्या पगाराची माणसं, पण ती फ्रेंच नावं दिसली की दहावीच्या पेपरला बसल्यासारखी गप्प होतात. कोणाला काही विचारत नाहीत, सगळ्यात स्वस्त मागवली तर बरं दिसणार नाही म्हणून तिच्या वरच्या ओळीवर बोट ठेवतात आणि लिस्ट मिटून टाकतात. तू असं करू नकोस. टेबलावर जे जे काही करतात ना, त्या प्रत्येकामागे काहीतरी साधं काम असतं, ते काम कळलं की भीती राहतच नाही.

आता ते थोडीशी वाइन ओतून तुला चाखायला देतात ते. लोकांना वाटतं आपल्याला चव कळते का ते बघतायत, म्हणून डोळे मिटून मान डोलावतात. तुला आवडली का हा प्रश्नच नसतो गं तिथं. बाटली खराब नाही ना, एवढंच बघायचं असतं. कधीकधी बुचामुळे वाइनला वास लागतो, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा, पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीसारखा. आणि हवा लागून गेलेली असेल तर कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो. आधी वास घे, चाखायची गरजही पडत नाही बरेचदा. शंका आली तर सरळ म्हण, "ही जरा चेक करता का?" चांगला कॅप्टन स्वतः वास घेतो आणि खराब असेल तर बदलून देतो. तसंच उघडायच्या आधी लेबल दाखवतात ते तू मागवलेलीच बाटली आहे ना, साल तेच आहे ना, हे बघायला. फिरकीचं झाकण असेल तर बुचाच्या वासाचा प्रश्नच मिटला, आपल्याकडच्या खूप बाटल्यांना आता तेच असतं, त्यावरून ती हलकी समजू नकोस.

हे एवढं लांबण लावून सांगतोय कारण मी नवीन असताना एका टेबलावर अशीच वास मारणारी बाटली गेली होती. होस्टनं घोट घेतला, त्याचा चेहरा बदललेला मी बघितला, पण चारचौघांत बोलायचं कसं म्हणून तो "छान" म्हणाला आणि सहा जणांनी ती बाटली संपवली. वास मलाही आला होता. मी बोललो नाही, नोकरीला दोन महिने झाले होते. ते अजून मला खुपतं. म्हणून सांगतो, तू बोल.

पैशाचं. क्लायंटसमोर आकडा बोलायला संकोच वाटतो, त्याला सोपी पद्धत आहे, लिस्टमधल्या एखाद्या किमतीवर बोट ठेवायचं आणि कॅप्टनला म्हणायचं, "साधारण अशी काहीतरी सुचवा, आम्ही फिश आणि मटण दोन्ही घेणार आहोत." त्याला बरोबर कळतं, आणि तो तुझी अब्रू सांभाळतो, ते त्याचं कामच आहे. दुकानापेक्षा टेबलावर दुप्पट-तिप्पट दर असतो हे धरूनच चाल. बाटली ७५० मिलीची, ग्लास साधारण १५० चा, म्हणजे पाच ग्लास. तुम्ही चौघं आहात तर आधी एकच मागव, संपत आली की बघू. सगळ्यांचं वेगवेगळं असेल तर ग्लासावर घ्या.

आता जेवण, कारण खरी गंमत तिथंच आहे. तुम्ही सीफूड आणि आपलं तिखट खाणार. अशा जेवणाबरोबर जडशीळ रेड घेऊ नकोस, तिच्यातला तुरटपणा आणि अल्कोहोल तिखटाला आणखी भडकवतं, आणि माशाबरोबर तर तोंडात लोखंडासारखी चव येते. शेनिन ब्लां माग, ही व्हाइट वाइन, किंचित गोडसर असते, थंडगार, मालवणी रस्सा असो की बटर-पेपर-गार्लिक खेकडा, दोन्ही सांभाळते. बोंबील फ्रायबरोबर स्पार्कलिंग घेऊन बघ एकदा, तो कुरकुरीतपणा आणि ते बुडबुडे, मला तर त्याहून चांगली जोडी माहीत नाही. मटण आलं की मग शिराझ, ती रेड. आणि रेड "रूम टेंपरेचरला" द्यायची म्हणतात तो रूम मुंबईचा नाही, १६ ते १८ डिग्रीला ती बरी लागते आणि आपल्याकडे खोलीतच ३० असतं. कोमट वाटली तर दहा-पंधरा मिनिटं आइस बकेटमध्ये ठेवायला सांग. बिनधास्त सांग.

आणि नाशिकची बाटली मागवायला कमीपणा मानू नकोस, हे मी गाववाला म्हणून नाही, कॅप्टन म्हणून सांगतोय. तू निफाडची पोरगी, बाबांची थॉम्पसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची बाग. सुला या नाशिकच्या वाइन कंपनीची पहिली वाइन २००० साली आली, २००१ ला सरकारनं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, मग दिंडोरीपासून तिकडं अकलूजपर्यंत वाइनच्या बागा उभ्या राहिल्या, आणि २०१० ला नाशिक व्हॅली वाइनला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा अधिकृत शिक्का, मिळाला. क्लायंटना सांग की आमच्याकडे वेलीची छाटणी दोनदा, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास दुसरी, आणि फ्रान्समध्ये बाग उघडीबोडकी असते तेव्हा जानेवारी ते मार्च आमची तोड चालते. तू हे लहानपणापासून बघितलंयस, तुला पाठ करावं लागणार नाही. माझी खात्री आहे टेबलावर त्या रात्री यावरच सगळ्यात जास्त बोलणं होईल.

प्यायचं नसेल तर घेऊ नकोस. "मी आज नाही घेणार" एवढं पुरे, कारण सांगायचं नाही. घेतलीस तर आधी पोटात काहीतरी असू दे, प्रत्येक ग्लासाबरोबर एक ग्लास पाणी. तू २३ ची, महाराष्ट्रात वाइनला वय २१ लागतं पण हार्ड लिकरला २५, टीममधलं कोणी व्हिस्की मागवणार असेल तर हे आधीच लक्षात असू दे, ऐनवेळी टेबलावर ओळखपत्र मागितलं की सगळ्यांना अवघडल्यासारखं होतं. शुक्रवारी ड्राय डे नाही ना तेही बघ. आणि गाडी कोणीच आणू नका, १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच मर्यादा आहे, कॅब करा.

बिल आलं की वाच, लाज कसली. जेवणावर जीएसटी, वाइनवर राज्याचा व्हॅट, हे दोन वेगळे असतात. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, तो सक्तीनं लावता येत नाही हे दिल्ली हायकोर्टानं मार्च २०२५ ला सांगितलंय. नको असेल तर शांतपणे काढायला सांग, पण मग टिप हातात दे, विसरू नकोस. तो पोरगा ब्रेक शिफ्ट करत असतो, सकाळी अकराला आलेला, दुपारी कुठंतरी तासभर पाठ टेकून परत संध्याकाळी उभा, शेवटची लोकल चुकली तर रात्र तिथंच. त्याला चुटकी वाजवून बोलावणारी माणसं मी खूप सोसली. तू नावानं हाक मार, बिल्ल्यावर नाव असतं.

एक जमलं तर कर, आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला फोन कर, तेव्हा गर्दी नसते, मेन्यू विचार, किती जण ते सांग, बजेटही फोनवरच सांगून टाक. मग शुक्रवारी लिस्ट हातात आली तरी निम्मं काम झालेलं असेल.

आणि जानेवारीत गावी येशील तेव्हा दिंडोरीला एका वाइनच्या बागेत घेऊन जातो तुला. खायच्या द्राक्षासारखं नसतं ते, बारीक मणी, जाड साल, आत बिया. तोंडात टाकून चावून बघ, साल आणि बीसकट, म्हणजे शिराझचा तो तुरटपणा कुठून येतो ते जिभेलाच कळेल. बाबांनाही घेऊन ये.

तुझा,
काका