धुऱ्यावरचं घुबड: पिंगळा की रानपिंगळा?

प्रश्न: आमचं वावर परतवाड्याच्या वरच्या अंगाले, जंगलाले लागूनच हाय. धुऱ्यावर एक वाळलेला साग उभा हाय, त्याच्या शेंड्यावर महिनाभरापासून एक लहानसं घुबड भर दिवसा बसून राह्यते. घरचे म्हातारे म्हणतात अपशकुनी पाखरू हाय, गोटा मारून हाकल. पोरगं म्हणते बाबा थांबा, मेळघाटातला तो हरवलेला रानपिंगळा असन. फोटो पाठवला हाय. खरं काय ते सांगा, आन् असला तर कोणाले सांगा लागते?

उत्तर: भाऊ, पहिले फोटोचं सांगतो, नाहीतर पोरगं वाट पाहून थकेल. मोबाईलवर मोठा करून पाहिला, डोक्यावर पांढरे ठिपके एकदम दाट, कोणी तांदूळ सांडल्यासारखे, आणि मानेमागं पांढरी पट्टीही आहे. म्हणजे हा आपला साधा पिंगळा, गावोगाव असतो तोच. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, मातकट राखाडी, असलेच तर पुसट ठिपके. छातीवर भरगच्च तपकिरी रंग आणि खाली पोट पांढरंशुभ्र, शेपटीवर पांढरे रुंद पट्टे, आणि पाय बघाल तर अंगाच्या मानानं लय दणकट. दिवसा दिसला म्हणून तो रानपिंगळा असंही नाही बरं का, साधा पिंगळाही हिवाळ्यात ऊन खात बसतो, इथंच बरेच लोक फसतात.

पण पोराचा अंदाज काही येडा नव्हता. वाळल्या सागाच्या शेंड्यावर दिवसाढवळ्या बसून शेपूट डावी-उजवी झटकत खाली सरडा, उंदीर, नाकतोडा हेरायचा, ही रानपिंगळ्याचीच सवय. आणि आज तो जिथं चांगल्या संख्येत टिकून आहे अशा मोजक्या जागांमध्ये आपला मेळघाट सगळ्यात महत्त्वाचा.

हरवल्याची गोष्ट तर पोराला नक्की सांगा. 1873 मध्ये पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या ह्यूम नावाच्या इंग्रज साहेबानं या पक्ष्याचं वर्णन छापलं, पुढं 1884 मध्ये खानदेशात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं काही नमुने, म्हणजे मारून भुसा भरलेले पक्षी, गोळा केले आणि त्यानंतर 113 वर्षं पाखराचा पत्ताच नाही. मधे 1914 चा एक नमुना होता, गुजरातेतल्या मांडवीचा म्हणून मेनर्ट्झहागेन नावाच्या कर्नलनं दाखवलेला, लोक त्या पत्त्यावर जाऊन शोधत बसले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी तो नमुना तपासला तर निघालं काय, की गड्यानं डेव्हिडसनचाच पक्षी म्युझियममधून उचलला, पुन्हा भुसा भरला आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली! मग बाईंनी खोटा पत्ता सोडला, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, बेन किंग या पक्षीतज्ज्ञासोबत असताना रानपिंगळा समोर झाडावर बसलेला सापडला. मला तर या सगळ्यात चिठ्ठीचंच जास्त नवल वाटते, एका खोट्या चिठ्ठीनं अख्खा शोध चुकीच्या जिल्ह्यात फिरवला. त्यानंतर बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी सातपुडा पालथा घातला तेव्हा मेळघाटातही सापडला, आणि 2014 मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात. आययूसीएन या जागतिक निसर्गसंस्थेच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत आधी तो अतिसंकटग्रस्त होता, 2018 पासून संकटग्रस्त आहे. म्हणजे माहीत असलेल्या जागा वाढल्या, धोका काही गेला नाही.

धोका कोणता तर ढोली. हा पक्षी स्वतः भोक पाडत नाही, जुन्या झाडाच्या ढोलीत दोन-तीन अंडी घालतो, आणि आपण सरपणाला पहिले तेच पोकळ, वाळलेलं झाड तोडतो. उन्हाळ्यात मोह वेचायला सोपं जावं म्हणून खालचा पाला पेटवतात, ती आग वर जंगलात चढते तेव्हा पिल्लं नेमकी ढोलीत असू शकतात. वावरातलं उंदराचं औषधही आहेच, मेलेला उंदीर घुबडानं खाल्ला की विष त्याच्या पोटात. आणि अपशकुनाचं म्हणाल तर घुबडाचा जीव जादूटोण्यापायी जातो, गोटा तर साधीच गोष्ट झाली. म्हाताऱ्यांशी वाद घालू नका, फक्त एवढं सांगा की हे पाखरू पऱ्हाटीतले उंदीर खाते, फुकटात.

कधी खरंच कोऱ्या डोक्याचा दिसला तर बीटच्या वनरक्षकाला फोटो, तारीख, वेळ आणि झाड कोणतं ते सांगा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जागा टाकू नका. मोबाईलवर त्याचा आवाज लावून बोलावणं तर अजिबात नको, त्याला वाटते दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला, मग शिकार सोडून तो भांडायलाच येतो.

तुमचा तो वाळका साग मात्र ठेवा बाप्पा. आणि पुढचा फोटो सूर्य पाठीशी घेऊन छातीचा काढायला सांगा पोराला, या वेळी अर्धा फोटो आभाळच होता.