वाचकांचे प्रश्न : जुनी आलिशान एसयूव्ही आणि मागे कॅम्पर

प्रश्न : आम्ही नॉर्थ कॅरोलिनातील कॅरी येथे राहतो. ऑफिसला जाऊन-येऊन रोज ४० मैल होतात. वर्षातून चार-पाच वेळा ॲशव्हिलकडे मुक्कामाला जाता यावे म्हणून आम्ही एक कॅम्पर (गाडीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर) घेतला असून त्याचे ‘ड्राय वेट’ ३,६०० पौंड आहे. आम्ही दोघे आणि दोन किशोरवयीन मुले असे कुटुंब आहे. उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात. जवळपास सारख्याच किमतीत दोन गाड्या पाहिल्या आहेत : २०१५ची लेक्सस जीएक्स ४६० (१,१०,००० मैल) आणि २०१७ची ३.० लिटर इंजिनाची ऑडी क्यू७ (८०,००० मैल). ऑडी ७,७०० पौंड ओढते, लेक्सस ६,५००. मग ऑडीच घ्यावी ना?

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत. ऑडीचा आकडा मात्र टोइंग पॅकेज (ओढण्यासाठीची खास सामग्री) बसवलेल्या गाडीचा आहे, तेव्हा आपण पाहिलेल्या गाडीत ते आहे का याची आधी खात्री करावी. तरीही आपला कॅम्पर दोन्ही मर्यादांच्या बराच आत असल्यामुळे या आकड्यांवरून निवड करण्याचे कारण उरत नाही. आपल्याला खरोखर अडवणारा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर छापलेला असतो : माणसे आणि सामान मिळून गाडीत किती वजन ठेवता येईल, म्हणजेच पेलोड.

ड्राय वेट हे रिकाम्या कॅम्परचे वजन असते. पाण्याची ३० गॅलनची टाकी भरली की तिचेच २५० पौंड होतात. गॅसच्या टाक्या, बॅटरी, अंथरुणे, खुर्च्या आणि आपल्या घरचा कॅम्पर म्हटल्यावर कुकर-पोळपाटासह येणारा संसार धरला, तर प्रत्यक्ष वजन ४,५०० पौंडांच्या आसपास जाईल. ट्रेलर न हेलकावता चालायचा तर त्याच्या वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, यावा लागतो, म्हणजे ४५० ते ६७५ पौंड, आणि हा सगळा भार गाडीच्या पेलोडमधून वजा होतो. या वर्गातील गाड्यांचा पेलोड बहुधा १,२०० ते १,४०० पौंड असतो. आपल्या चौघांचे ६००, सामानाचे १०० आणि हिचवरचे ५५० धरले तरी १,२५० पौंड झाले. आई-बाबांना तिसऱ्या रांगेत बसवले की यात आणखी ३०० पौंडांची भर पडते आणि दोन्ही गाड्या मर्यादेबाहेर जातात. त्या सहलीला दुसरी गाडी सोबत न्यावी, हे मी आग्रहाने सांगतो. जागा आहे म्हणून भार घेता येतो असे नाही.

ओढण्याच्या बाबतीत ऑडीकडे एक खरी जमेची बाजू आहे, तिची मात्र जाहिरात होत नाही. तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर सुमारे ११८ इंच आहे, तर लेक्ससचे ११० इंचांहून किंचित कमी. हे अंतर जितके जास्त, तितका मागच्या ट्रेलरचा हेलकावा गाडीला कमी जाणवतो. लेक्सस वेगळ्या चेसिसवर (पोलादी सांगाड्यावर) बांधलेली असून तिचे ४.६ लिटरचे व्ही८ इंजिन दमदार आहे, तरी आय-४० महामार्गावरील ओल्ड फोर्टचा घाट उंच कॅम्पर घेऊन उतरताना हेलकावा रोखणारा हिच आवश्यकच समजावा. भार पुढच्या चाकांवर वाटून देणारा हिच काही कंपन्या आपल्या गाड्यांना वापरू देत नाहीत. त्यामुळे खरेदीपूर्वी त्या-त्या गाडीचे मॅन्युअल वाचावे. दोन्हींपैकी कोणतीही गाडी घेतली तरी कॅम्परच्या विजेवरील ब्रेकसाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर (ते ब्रेक गाडीतून चालवणारे उपकरण) बसवावाच लागेल.

आता उरलेल्या साडेतीनशे दिवसांचा विचार करू. ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) आकड्यांनुसार ऑडी गॅलनला सरासरी २१ मैल देते आणि लेक्सस १७. वर्षाला १२,००० मैल धरले तर लेक्ससला सुमारे १३५ गॅलन जास्त लागतील; प्रीमियम पेट्रोलचा भाव ४ डॉलर मानल्यास हा फरक ५४० डॉलरचा होतो. ऑडी चालवायलाही अधिक सुखद आहे, हे मान्य करायला हवे. परंतु आलिशान गाडीची किंमत उतरते तेव्हा तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत उतरत नाही. स्वस्तात मिळालेला हत्ती खातो हत्तीएवढेच. ऑडीच्या या इंजिनात थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप सुपरचार्जरखाली (इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्राखाली) बसवलेले आहेत, त्यामुळे तिथे गळती सुरू झाली की भागापेक्षा तिथवर पोहोचण्याचीच मजुरी मोठी होते. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असेल तर तो आणखी एक संभाव्य खर्च. अशा एका दुरुस्तीत पेट्रोलची बचत संपते.

म्हणून मी लेक्सस घेईन, पण डोळे झाकून नव्हे. पाण्याच्या पंपापाशी वाळलेल्या गुलाबी कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) डाग आहेत का ते पाहावे, गाडी लिफ्टवर चढवून चेसिसचा गंज तपासावा (ती पूर्वी उत्तरेकडील, बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चालली असेल तर विशेष काळजीने), आणि विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. सर्व्हिसच्या नोंदी नसतील तर ती सोडून द्यावी. नोंदी चोख असलेली ऑडी बेवारस लेक्ससपेक्षा बरी. गाडी घेतल्यावर पहिल्या सहलीआधी गिअरबॉक्सचे तेल बदलून घ्यावे.

प्रश्न : मला न्यू जर्सीत २०१४ची डिझेल क्यू७ बरीच स्वस्त मिळते आहे. छोटी बोट ओढायची आहे. ऑफिस घरापासून ६ मैलांवर आहे. घेऊ का?

उत्तर : ओढायला हे डिझेल इंजिन उत्तम आहे. परंतु फोक्सवॅगन समूहाच्या ज्या ३.० लिटर डिझेल गाड्यांवर २०१५च्या नोव्हेंबरमध्ये ईपीएने उत्सर्जन नियमभंगाचा ठपका ठेवला, त्यांत ही गाडी येते. त्यामुळे व्हिआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) देऊन तिच्यात उत्सर्जनविषयक दुरुस्ती झाली आहे का हे डीलरकडून लेखी घ्यावे. ती झाली असली तरी रोज ६ मैलांच्या प्रवासात धुराचा फिल्टर स्वतःला साफ करण्याइतका तापत नाही आणि हळूहळू तुंबत जातो. आपल्यासाठी पेट्रोल गाडीच योग्य.