घर सोडून फिफ्थ व्हीलमध्ये कायमचं राहायला जायचंय, ३८ फुटी घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की टेक्सासमधलं भाड्याचं घर सोडून दोघं नवराबायको फिफ्थ व्हीलमधे, म्हणजे पुढचं टोक पिकअप ट्रकच्या हौद्यात टेकवून ओढायच्या चाकांवरच्या घरात राहणार, ३८ फुटी मॉडेल आवडलंय, किचनला आयलंड (मधोमध सुटा ओटा) आहे आणि ट्रक सध्या फोर्डचा एफ-१५० पिकअप आहे. प्लीज अजून डिपॉझिट भरू नका. आम्हाला असं राहून तीन वर्षं झाली म्हणून सांगते.

आधी ट्रकचं ड्रायव्हरकडचं दार उघडा, तिथे पिवळा स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून किती पाउंड घालता येतील तो आकडा त्यावर असतो. फिफ्थ व्हील नुसतं मागून ओढायचं नसतं, त्याच्या वजनातला साधारण २० ते २५ टक्के भाग पुढच्या पिनवरून (जोडायच्या खुंटीवरून) थेट ट्रकच्या हौद्यात येतो. ट्रेलर भरून १६,००० पाउंड धरला तर ३,२०० ते ४,००० पाउंड तिथेच झाले, वर हिचचं (हौद्यातल्या जोडणीचं) वजन, तुम्ही दोघं, अवजारं. एफ-१५० ला हे झेपत नाही. सेल्समन म्हणेल ओढते की, पण ओढायचा आकडा वेगळा आणि अंगावर घ्यायचा वेगळा. त्यामुळे मागे चार टायरवाला एक-टनी ट्रक (एफ-३५० सारखा, एक-टनी हे नुसतं वर्गाचं नाव) धरूनच बजेट करा, नाहीतर आहे त्या ट्रकला झेपेल असा छोटा ट्रॅव्हल ट्रेलर (ट्रकच्या मागच्या हुकाला जोडायचा) बघा.

ट्रेलरवर पण स्टिकर असतो, आत सामान किती भरता येईल त्याचा. वीकेंडला जाणाऱ्यांना तो पुरतो, आपल्याला नाही, कारण तांदळाची २० पाउंडी पिशवी, कणीक, डाळी, दोन कुकर, मिक्सर हे सगळं बारा महिने बरोबर, आणि ६० गॅलनची पाण्याची टाकी भरली की ५०० पाउंड वाढले. आम्ही सहा महिन्यांनी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन केलं तर लिमिटच्या वर होतो, वेट ग्राइंडर आणि पुस्तकांची खोकी बहिणीकडे नेऊन ठेवली.

वॉरंटीचं तर मला फार मनापासून सांगायचंय. बऱ्याच कंपन्यांच्या वॉरंटीत कायमचं राहणं बसतच नाही. आमच्या स्लाइडच्या (थांबल्यावर बाहेर सरकवायच्या खोलीच्या भागाच्या) कोपऱ्यातून पाणी शिरलं, खालची फळी मऊ पडली, आणि तुम्ही यात राहता म्हणून क्लेम नाकारला, सगळा खर्च खिशातून. म्हणून फुल टाइम राहण्याबद्दल काय लिहिलंय ते सही करायच्या आधी वाचा, आणि नवा असला तरी डीलरशी संबंध नसलेला इन्स्पेक्टर लावा. तुम्ही स्वतः स्लाइडच्या कोपऱ्यांत टाचेने दाबून बघा, छताचे सांधे शिडी लावून बघा.

टेक्सासचा उन्हाळा असेल तर ५० अँपच्या वीजजोडणीचाच ट्रेलर घ्या. ३० अँपला ३,६०० वॉट मिळतात, ५० ला १२,०००, दोन एसी आणि इंडक्शन एकदम चालवायचं तर दुसरा इलाज नाही.

आणि शोरूममधे त्यांना सगळ्या स्लाइड आत घ्यायला लावा. आयलंड असलेल्या काही मॉडेलमधे मग फ्रिजच उघडत नाही, बाथरूमपर्यंत जाता येत नाही, म्हणजे रस्त्यात जेवायला थांबलात तरी डबा आतच अडकला. शेगडीवरचा फॅन हवा बाहेर टाकतो की परत आतच फिरवतो ते पण विचारा, फोडणीचा वास गादीत बसला की निघत नाही.

दोन्ही स्टिकरवरचे आकडे कमेंटमधे टाका, मी हिशोब करून सांगते.