सीडी-७१ वर काम करायचंय, घरचे म्हणतात डीएमएलटी कर

प्रश्न : मी लातूरला बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी परिपक्व होताना त्यांच्यावरचे ट्रान्सफेरिन रिसेप्टर, म्हणजे सीडी-७१, कमी होतात, यावर कॉलेजात सेमिनार दिला. रिसेप्टर कमी म्हणजे पेशी परिपक्व, हे मला फार आवडलं आणि यातच संशोधन करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा) कर, गावात लॅब टाकू. संशोधनात पोट भरेल का? आणि एका रिसेप्टरवर आयुष्य काढता येतं का?

उत्तर : आधी शेवटचा प्रश्न घेते. बाबांशी बोलण्याआधी तुझा विषय तुला पक्का समजलेला हवा.

पेशीला दुभागायचं तर नवा डीएनए लागतो. त्याचे घटक तयार करणाऱ्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या विकराला लोह लागतं, म्हणून भराभर वाढणारी पेशी रक्तातलं लोह ओढून घेणारे रिसेप्टर अंगावर भरपूर बाळगते. १९७७ साली अमेरिकेत ल्युकेमियाच्या एका रुग्णाच्या रक्तातून वाढवलेली एचएल-६० ही पेशीमालिका तू वाचली असशीलच. तिला डीएमएसओ हे रसायन किंवा रेटिनॉइक आम्ल दिलं की काही दिवसांत पेशी ग्रॅन्युलोसाइटसारख्या (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींसारख्या) होतात, विभाजन थांबतं आणि रिसेप्टर घटतात. इथपर्यंत तुझा सेमिनार बरोबर आहे.

पण ‘रिसेप्टर कमी म्हणजे परिपक्व’ हा निष्कर्ष घाईचा आहे. अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या लाल पेशी बघ. त्या परिपक्व होत असतात, विभाजन थांबलेलं असतं, तरी रिसेप्टर भरपूर असतात, कारण आता लोह हिमोग्लोबिनसाठी हवं असतं. अगदी शेवटी, रेटिक्युलोसाइटच्या अवस्थेत, त्या रिसेप्टर बारीक पुटिकांमधून बाहेर टाकून देतात. उलट एचएल-६० ला फॉर्बॉल एस्टर हे रसायन दिलं तर काही मिनिटांतच पृष्ठभागावरचे रिसेप्टर कमी दिसतात. इतक्यात कोणती पेशी परिपक्व होते? रिसेप्टर नष्ट झालेले नसतात, पेशीच्या आत ओढले गेलेले असतात. खरी घट नंतर, काही दिवसांनी येते.

हा रिसेप्टर सतत आतबाहेर करतो. ट्रान्सफेरिनला, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाला, धरून आत जातो, आतल्या आम्लधर्मी कप्प्यात लोह सुटतं आणि रिकामं ट्रान्सफेरिन घेऊन तो परत वर येतो. म्हणून रिसेप्टर मोजायला त्याला चिकटणारी सीडी-७१ ची अँटीबॉडी लावताना नळ्या बर्फात ठेवतात. नळी खोलीच्या तापमानाला टेबलावर राहिली, तर अँटीबॉडीसकट रिसेप्टर आत जायला लागतो आणि तुझा आकडा बदलतो. वरचे किती, आतले किती आणि एकूण किती, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं वेगवेगळ्या प्रयोगांतून काढावी लागतात. असं काम तासन् तास करायला तुला आवडणार असेल, तर या क्षेत्रात ये. सेमिनार आवडणं आणि ही मोजणी आवडणं यात फार फरक आहे, आणि तो प्रयोगशाळेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आयुष्य एका रिसेप्टरवर कुणी काढत नाही. तू शिकशील ती पेशीसंवर्धन, फ्लो सायटोमेट्री (लेझरच्या प्रकाशात एकेक पेशी तपासण्याची पद्धत) आणि पेशी परिपक्व कशा होतात याची समज. शांघायच्या डॉक्टरांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या कामात एपीएल या ल्युकेमियाच्या रुग्णांना रेटिनॉइक आम्ल देऊन कर्कपेशी मारण्याऐवजी परिपक्व केल्या होत्या. आज त्या आजाराच्या उपचाराचा पाया तोच आहे. आणि रक्ताच्या कर्करोगाचं निदान करणाऱ्या रुग्णालयांत तेच फ्लो सायटोमीटर रोज चालतं. लाल पेशींच्या वंशातला ल्युकेमिया असल्याची शंका आली की तिथेही सीडी-७१ बघतात. म्हणजे बाबा सांगतात ती निदानाची वाट आणि तुझी वाट बऱ्याच अंतरापर्यंत एकच आहे.

आता पैशांचं. नेट-जेआरएफ (परीक्षेतून मिळणारी संशोधनाची राष्ट्रीय फेलोशिप) मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडेभत्ता मिळतो, दोन वर्षांनंतर ४२,०००. पण एमएस्सीची दोन वर्षं आणि पीएचडीची पाच-सहा वर्षं धरून चाल, आणि पुढे कायमच्या जागा थोड्या आहेत. हे बाबांपासून लपवू नकोस. पीएचडी करायची नसेल तर एमएस्सीनंतर प्रकल्प सहायक, मोठ्या रुग्णालयाची फ्लो सायटोमेट्री लॅब किंवा निदान-उपकरणांच्या कंपन्या हे मार्ग आहेत.

डीएमएलटी कमी प्रतीचं नाही, तालुक्यातल्या रुग्णांना चांगला तंत्रज्ञ हवाच असतो. पण बाबांना एवढं सांग की लॅब आपली असली तरी रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची लागते, तेव्हा तो खर्च हिशेबात धरा. माझं मत विचारशील तर आधी एमएस्सी कर. त्यानंतरही डीएमएलटी करता येईल. लॅबचं कर्ज डोक्यावर घेऊन संशोधनाकडे परतणं फार अवघड जातं.

यंदा दोन कामं कर. तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपला अर्ज भर, आणि पुण्याच्या एनसीसीएस (पेशीविज्ञानाची राष्ट्रीय संस्था) किंवा खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र) इथल्या रक्तपेशींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना प्रकल्पासाठी लिही. मेल छोटा ठेव. ‘मला कर्करोगात फार रस आहे’ असं लिहू नकोस; फॉर्बॉल एस्टरने होणारी सुरुवातीची घट आणि परिपक्वतेतली घट वेगळी कशी ओळखायची, हा प्रश्न लिही आणि तुला सुचलेला एखादा प्रयोग दोन ओळींत मांड. एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम परीक्षेचे अर्ज साधारण सप्टेंबरात सुटतात, परीक्षा फेब्रुवारीत असते. गॅट-बी या बायोटेकच्या प्रवेशपरीक्षेची तारीख वेगळी बघून ठेव. बाबांना शक्य असेल तर अशा एखाद्या संस्थेच्या ओपन डेला सोबत घेऊन जा आणि तिथल्या पीएचडीच्या मुलींशी त्यांचं बोलणं घडवून आण.